सुरकुतीची जागा

चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या मागे एक पडदा आहे. त्या पडद्याआड एक बाई कित्येक वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत आली आहे. गिऱ्हाइकांना ती दिसत नाही, मशिनची घरघर तेवढी ऐकू येते. मालक तिला ताई म्हणतात आणि काउंटरवरच्या मुलीही ताईच म्हणतात. काडीचा बारीकसा स्क्रू जमिनीवर पडला की सगळे तिला हाक मारतात, कारण तो तिलाच सापडतो.

तिचा मुलगा तिशी ओलांडलेला आहे. त्याला घरात सगळे दादा म्हणतात. हे धाकट्या बहिणीने सुरू केलं, मग बापाने उचललं आणि शेवटी आईनेही. दादा बोलत नाही. त्याला कळतं पुष्कळ, पण सगळं त्याच्या क्रमाने व्हावं लागतं. आधी डावी चप्पल, मग उजवी. दुधाचा पेला खिडकीपाशी. आणि गाडीत बसलं की बासरी.

गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. बासरीची कॅसेट गाडीबरोबरच आली होती, डॅशबोर्डच्या टेपमध्ये राहून गेलेली. वरचा कागद इतका झिजला होता की कोण वाजवतंय हे कधीच कळलं नाही. आधीच्या मालकाकडे असताना टेप केव्हातरी आत गुंडाळली गेली असणार. पहिल्या बाजूला एका जागी ती सुरकुतली होती आणि तिथे बासरी क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची, मग वर यायची. ती जागा जवळ आली की दादा डॅशबोर्डवर तळवा ठेवायचा आणि सूर बुडाला की हसायचा. "बुडाली रे बुडाली," असं त्याचे वडील म्हणायचे. बाजू संपली की बटण खट्कन वर यायचं आणि दादा कॅसेट काढून उलटी घालायचा. ते काम त्याचं होतं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

वडील गेले तेव्हा बाईला सायकलही धड येत नव्हती. गाडी विकून टाका, असं जो तो सांगू लागला. पन्नाशीला टेकली असताना तिने शिकवणी लावली आणि दोनदा नापास होऊन परवाना काढला. कारण दादाला बस चालत नव्हती, रिक्षा चालत नव्हती आणि त्याची कार्यशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथे त्याच्यासारखी माणसं बिजागऱ्या आणि त्यांचे स्क्रू पिशव्यांत भरतात. दादा हे काम मन लावून करतो. स्क्रूंच्या बाबतीत तो आईवर गेलाय, असं तिथल्या बाई म्हणतात.

मग एका सकाळी टेपने ती कॅसेट खाल्ली. मशिनच्या तोंडातून तपकिरी फीत वीतभर बाहेर आली. रेडिओ चालू होता, पण कॅसेटचं चाक काही केल्या फिरेना. दादाने दार उघडलं, खाली उतरला आणि घराच्या पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सीटवर बसून त्याने वाट पाहिली आणि पुन्हा पायरी गाठली. असं होता होता महिना निघून गेला. बाई कामावर गेली की शेजारीण येऊन त्याच्यापाशी बसायची. कार्यशाळेच्या बाईंचा फोन आला. त्या चांगल्या बाई होत्या, म्हणूनच अवघडून बोलत होत्या. रांगेत दुसरी मुलं आहेत, या महिनाअखेरपर्यंत दादा आला नाही तर जागा द्यावी लागेल, मी तरी किती दिवस धरून ठेवू, असं त्यांनी सांगितलं.

गाडीचे टेप दुरुस्त करणाऱ्याला तिने घरी बोलावलं. त्याने टेप पाहून मान हलवली. याचे भाग आता मिळत नाहीत, हा काढून टाकू, स्क्रीनवाला नवा बसवू, गाडी दोन दिवस माझ्याकडे सोडा. बाईने बाजूला पाहिलं. दादा बंद टेपची दोन गोल बटणं चिमटीत धरून आळीपाळीने फिरवत होता. ती नको म्हणाली.

परगावी नोकरी करणाऱ्या धाकटीने फोनवर उपाय सांगितला. एक छोटी डबी मिळते. ती रेडिओच्या मागे, एरियलच्या वायरच्या मधे बसवायची. तिची एक वायर पुढे काढून खिशातल्या म्युझिक प्लेयरला जोडली की रेडिओच्या एका स्टेशनवर आपलं गाणं ऐकू येतं. जुना टेप जागचा हलत नाही. तिने डबी आणि स्वतःचा जुना प्लेयर कुरिअरने पाठवला. दादाचा गाडीतला एक व्हिडिओ तिच्याकडे होता. त्यातली बासरी मोबाइलला ऐकवून तिने तीच बासरी शोधून काढली होती आणि प्लेयरमध्ये भरूनही दिली होती.

सुट्टीच्या सकाळी बाईने बॉनेट उघडून आधी बॅटरीची वायर सोडवली. दीर शेजारच्याच गल्लीत राहतात. एसटीच्या डेपोत त्यांनी आयुष्यभर वेळा नोंदवल्या. गाडीच्या पोटात कधी हात घातला नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे. ते चहाचा कप घेऊन फाटकाशी उभे राहिले.

"वहिनी, हा चष्मा नाही."

"स्क्रू तर स्क्रूच ना, भाऊजी."

पुढची चौकट निघण्यासाठी टेपची दोन्ही बटणं उपटावी लागली. दादा अस्वस्थ झाला. बाईने ती बटणं त्याच्या हातात दिली, दोन मुठींत दोन. त्याने मुठी घट्ट मिटल्या आणि तो पायरीवर बसून राहिला. स्क्रू तिने दुकानातल्या सवयीने काळ्या फडक्यावर मांडले, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. टेप बाहेर ओढल्यावर डॅशबोर्डमध्ये काळं भोक दिसू लागलं. दादाने मान फिरवली.

एरियलची जाड वायर काढून डबीत घातली, डबीची वायर रेडिओत. लाल वायर अशा ठिकाणी जोडायची होती की चावी फिरवली की वीज मिळेल आणि चावी काढली की बंद. ते ठिकाण शोधण्यात चहाचा दुसरा कप झाला, दिरांचा. काळी वायर तिने एका लोखंडी पट्टीच्या स्क्रूखाली दाबली. मग सगळं उलट्या क्रमाने आत ढकललं आणि दादापुढे हात पसरला. त्याने आधी डावी मूठ उघडली. ते बटण बसल्यावर उजवी.

बॅटरी परत जोडून इंजिन सुरू केलं तशी बासरी आली आणि तिच्याबरोबर एक बारीक किरकिरही. पाय दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची.

"बासरीबरोबर डास पण बसवलात, वहिनी," दीर म्हणाले.

बाईने सगळं पुन्हा उघडलं. दादाने न सांगता मुठी पुढे केल्या. पट्टीला रंग होता, काळी वायर लोखंडाला टेकतच नव्हती. तिने पर्समधली लहान कानस काढली, रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली आणि वायर तिथे कसली. डास गेला. बासरी इतकी स्वच्छ आली की फाटकाशी उभ्या असलेल्या दिरांनी कप खाली ठेवला.

दादा सीटवर येऊन बसला. तो ऐकू लागला. ती जागा जवळ आली तसा त्याने डॅशबोर्डवर तळवा ठेवला. बासरी सरळ पुढे गेली. त्याने हात काढला नाही. पुढचा तुकडा संपला, त्याच्या पुढचाही संपला. मग त्याने आईकडे पाहिलं, दार उघडलं आणि पायरीवर जाऊन बसला.

"आता काय बिघडलं? आवाज तर काचेसारखा आहे," दीर म्हणाले.

"तेच बिघडलंय," ती म्हणाली.

ती जुनी कॅसेट तिने टाकली नव्हती. फीत बाहेर लोंबत असतानाच ती कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पडद्याआड तिने कॅसेटचे इवलेसे स्क्रू काढले. फीत तुटली नव्हती, नुसती चोळामोळा झाली होती. काच पुसायच्या मऊ फडक्यावर ठेवून ती बोटाने एकेक घडी सपाट करत गेली आणि पेन्सिलीने फीत गुंडाळत गेली. त्याच ओघात एक जुनी, बारीक सुरकुती आली. कडेला पांढरी पडलेली. बोट तिच्यावर टेकणार इतक्यात तिने उचललं आणि ती सुरकुती तशीच पुढे जाऊ दिली.

महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. धाकटी रजा टाकून आली. दिरांकडचा जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून खाली आला. तो कसा जपून ठेवला होता हे त्यांनी दोनदा सांगितलं. धाकटीने त्याची वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि दोन्ही बाजू भरून घेतल्या. मग कानावरून हेडफोन काढत म्हणाली, "आई, ही खरखर एका मिनिटात काढून टाकते."

"काढू नकोस."

"आणि बाजू संपल्यावरची ही शांतता? तो खट् आवाज? तो तरी कापते."

"राहू दे गं. उलटायला त्याला वेळ लागतो."

धाकटी भावाकडे बघत राहिली. मग तिने काही न कापता ते सगळं प्लेयरमध्ये भरलं.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बाईने गाडी बाहेर काढली. दादाने डावी चप्पल घातली, मग उजवी, आणि तो सीटवर बसला. बाईने स्टेशन लावलं. आधी खरखर आली, मग बासरी. पहिला सिग्नल गेला, पेट्रोल पंप गेला. दादाचा तळवा डॅशबोर्डवर आला. बाईने रस्त्यावरून नजर हलवली नाही, पण गाडी आपोआप हळू झाली आणि मागच्याने हॉर्न वाजवला. बासरी पाण्याखाली गेली. दादा हसला.

"बुडाली रे," बाई म्हणाली. हे तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

पुलाच्या अलीकडे बाजू संपली. खट् झालं. दादाने बटणाकडे हात नेला, मशिनच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. बाईने एका हाताने पर्स उघडून ती कॅसेट त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उचलली, निरखली, उलटी केली आणि दोन्ही हातांत धरली. काही वेळ नुसती टायरांची घरघर होती. मग बी बाजू सुरू झाली.

रस्ता त्या दिवशी मोकळा होता. कार्यशाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा टेप पुष्कळ उरली होती. कार्यशाळेच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी हात केला. दादा उतरला नाही. आईनेही त्याला उतर म्हटलं नाही. ती चावी न काढता बसून राहिली आणि त्या बाई दारात उभ्या राहिल्या, शेवटचा सूर विरून पुन्हा खट् होईपर्यंत. मग दादाने कॅसेट आईच्या हातात दिली आणि आत गेला.

दुकानात पोचायला तिला उशीर झाला. दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मालकांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "काय ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही हो. बी बाजू संपायची होती."

मालकांना काही कळलं नाही. ती पडदा सारून आत गेली आणि थोड्या वेळाने मशिनची घरघर सुरू झाली.