अंगणाखालचा नळ

धुळ्याच्या आमच्या घरी नळ आला तेव्हा मी नवी सून होते. थोरले दीर, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणे, कापसाच्या खरेदीसाठी जळगावकडे गेले होते. थोरल्या जाऊबाई पहिल्या बाळंतपणाला चोपड्याला माहेरी. आमचे हे अमळनेरला जिनिंगमध्ये नोकरीला, रविवारी तेवढे घरी यायचे. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसे. त्यामुळे म्युनिसिपालिटीचे मजूर अंगणात चर खणून बिडाचे नळ टाकत होते, ते बघायला घरात मी एकटी होते. त्यांना ताक-भाकरी देणंही माझ्याकडेच होतं.

चर गल्लीतून निघून आमच्या चुलीच्या बाजूने सरळ पलीकडच्या टोकाला जायचा होता. अंगणाच्या मध्यावर आल्यावर मजुराची पहार भसकन आत गेली. खाली जुनं पेव निघालं, कुणी आजा-पणजानं ज्वारी साठवायला खणलेलं आणि पुढे विसरलेलं. ते बुजवत बसायला मजुरांना सवड नव्हती. त्यांनी पेवाला बगल दिली, नळाला कोपऱ्याकडून वळसा घातला, सांध्यांत शिसं ओतलं आणि पुन्हा पहिल्या रेषेवर आणून टोकाला तोटी बसवली. माती लोटली, वर सडा-सारवण झालं, आणि नळ कुठून गेला याची खूण उरली नाही. बघणाऱ्याला वाटे, सरळच गेला असेल.

पुढे सासूबाई गेल्या आणि वाटणी झाली. तोटीकडची बाजू नानांनी घेतली. "पानी काय कोनी कोनले तोडस का?" असं ते आमच्या ह्यांना म्हणाले, आणि ह्यांनी मान डोलावली. आमचे हे म्हणजे गोगलगाय. तिच्या निदान पोटात पाय असतात म्हणतात, ह्यांच्या तेही नव्हते. महिना लोटला नाही तोच अंगणात पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांची भिंत चढायला लागली. भिंतीत दार ठेवलं होतं, पण कडी त्यांच्या बाजूने.

मी काय करत होते? दाराआड उभी राहून बघत होते. आमच्यात थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडायचं नाही. ते अंगणात आले की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि पाठ करून बसायचं. ते काही विचारणार तर खांबाला विचारणार, आणि आपण कुणा तिसऱ्याच्या तोंडून उत्तर द्यायचं. हा तिसरा माणूस म्हणजे सासूबाई होत्या, त्या आता राहिल्या नव्हत्या. विटेवर वीट चढत होती. माझ्या बापाने मला चांगल्या वळणाची मुलगी म्हणून दिली होती. त्या वळणाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला.

रविवारी ह्यांना म्हटलं, बोला काहीतरी. हे म्हणाले, "मोठा भाऊ शे तो. काय बोलू त्याले?" आपल्या बाजूला वेगळी तोटी घ्यायची तर कागदोपत्री घर अजून नानांच्याच नावावर, त्यांची सही हवी. नाना दर वेळी म्हणत, बघू.

नळ तर माझ्याच जमिनीखालून जात होता. पहाटे पाणी सोडलं की चुलीजवळ बसल्या बसल्या तळव्यांना त्याची थरथर लागे. ते पाणी माझ्या पायाखालून जाऊन जाऊबाईंच्या हंड्यात पडे, आणि मी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन पांझरेवर जाई. मला सातवा महिना होता तेव्हाही जात होते. नदीच्या ओल्या दगडावरून माझा पाय सरकला. हंडा पुढे गेला, मी त्याच्यावर पडले. घरी आणलं तेव्हा सुईण नुसती मान हलवत होती. मुलगी होती. पुढे मला मूल झालं नाही.

त्या दिवशी जाऊबाईंनी भिंतीतलं दार उघडून मोलकरणीबरोबर एक हंडाभर पाणी पाठवलं. तेवढा एकच हंडा, त्याच दिवशी. मी अंथरुणावरून उठले आणि तो हंडा मोरीत उपडा केला. शेजारणी म्हणाल्या, वेडी झाली बिचारी. वेडी झाले नव्हते. इतकी शुद्धीवर मी आयुष्यात कधी नव्हते.

लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही, मी तो निवू दिला नाही. रोज देवापुढे दिवा लावताना मी नानांचं वाईट मागत असे, अगदी नाव घेऊन, मनातल्या मनात. देवही बहुतेक थोरल्या दिरांच्याच बाजूचा असावा, कारण नानांची भरभराट होत गेली. पोरगा वाढला, बैलजोड्या वाढल्या, गल्लीत मान वाढला. पुढे ती मोठी लढाई सुरू झाली आणि सगळीकडे टंचाई आली, तरी नानांच्या घरी पोराच्या लग्नाची बोलणी चालली होती. नव्या जोडप्याला पक्की खोली हवी म्हणून नानांनी दगडी पायाचं काम काढलं.

खणण्याआधी नळ कुठे आहे ते म्युनिसिपालिटीच्या माणसाकडून दाखवून घ्यायचं, असा गावचा नियम होता. त्याला सगळे चावीवाला म्हणत. गल्लीच्या तोंडाला पाण्याची चावी फिरवायचं काम त्याचं. पाणी चालू असताना तो लाकडी दांडा जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाला लावी, थोडं सरकून पुन्हा लावी, आणि आवाज भरला की तिथे चुन्याची रेघ ओढी. शंका असली तर आधी हातभर रुंद चर हळूहळू उकरून नळ उघडा करून बघे. नानांनी त्याला निरोप धाडला होता. तो म्हणाला, परवा येतो. पण मुहूर्त उद्याचा.

मुहूर्त टळू द्यायचा नाही म्हणून नानांनी भटजींना बोलावलं. खणायच्या आधी जमिनीखालच्या शेषाचं तोंड कुठल्या दिशेला आणि शेपूट कुठल्या दिशेला ते बघतात, आणि त्याच्या अंगावर कुदळ पडणार नाही असा कोपरा धरतात. भटजींनी पंचांग उघडून बोटं मोजली आणि आमच्या भिंतीला लागूनचा कोपरा सांगितला. तिथे शेष नव्हता हे मला मान्य आहे. तिथे पेवाला वळसा घालून गेलेला नळ होता.

सकाळी मी अंगणात डाळ निवडत बसले होते. पाणी सुटायची वेळ झाली होती. भिंतीतलं दार उघडं होतं. पलीकडे कुदळीला हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला, मजूर बाह्या सरसावून उभे. नानांना काय वाटलं कोण जाणे, मनात कुठेतरी शंका राहिली असावी. नळ टाकला तेव्हा घरात कोण होतं हे त्यांना नेमकं आठवलं. ते दारात आले. मी पदर ओढला, पाठ केली. ते दाराच्या खांबाकडे बघून म्हणाले, "नळ कथाईन गयेल शे, याद शे का कोनले?"

इतक्या वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं, नळ कुठून गेला ते. मी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

ते थांबले. खांब काही बोलला नाही. बोलायचं तर तिसरं माणूस हवं होतं, आणि तिसरं माणूस होतंही. जाऊबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं असतं तर त्यांना उत्तर देणं मला भाग होतं. मला भीती होती ती तेवढीच. विचारतात की काय, विचारतात की काय. पण जाऊबाई बोलल्या त्या नानांशी. "तिले काय इचारतस तुम्ही? तिले काय समजस! भटजीनी जागा दाखाडेल शे, मारा कुदळ."

नाना तरीही क्षणभर घुटमळले. मी आणखी एक खडा काढला. मग ते वळले.

कुदळीचे घाव भुसभुशीत मातीत पडत होते तोवर मी डाळ निवडत राहिले. मग मजुराने पहार घेतली. पहिला ठोका मातीत, दुसरा मातीत, तिसऱ्याला लोखंडावर लोखंडाचा आवाज आला. मजूर चपापून थांबला असेल, पण वरून जाऊबाई म्हणाल्या, दगड असेल, हाण. त्याने हाणला. बीड ठिसूळ असतं, आणि पहार नेमकी सांध्याशी बसली.

पाणी आधी बुडबुडलं आणि मग पुरुषभर उंच उडालं. नारळ, हळदकुंकू, भटजींचं पंचांग, सगळं भिजलं. खणलेला पाया भरला. आरडाओरडा झाला, एक मजूर चावीवाल्याला शोधायला धावला, तो दुसऱ्याच पेठेत होता. तोवर पाणी पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या बुडाशी शिरलं. एका बाजूने पाया उकरलेला आणि खालून भिजलेली, ती भिंत आधी ओली काळी झाली, मग पोटातून फुगली, आणि घरंगळत नानांच्या बाजूला बसली. मी डाळीचं सूप उचलून ओट्यावर गेले. भिंतीपलीकडे नाना गुडघाभर चिखलात उभे होते, धोतर पायांना चिकटलेलं, पागोटं हातात. मी पदराआडून त्यांना डोळे भरून पाहिलं. देवदर्शनाला गेल्यावरही मला इतकं समाधान कधी झालं नव्हतं, हे मी आज सांगते.

चावीवाला आला, त्याने पाणी बंद केलं आणि नानांना सगळ्या गल्लीदेखत झाडलं. एक दिवस थांबता येत नव्हतं का, म्हणाला. गप्प बसायची पाळी आता नानांचीही आली.

रविवारी हे आले. नाना चिखलातून तरातरा येऊन ह्यांना म्हणाले, तुझ्या बायकोला ठाऊक होतं. मी आत होते. नाना गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "ठाऊक व्हतं का तुले?"

"व्हतं."

"मग सांगं काब्रं नही?"

"मोठा दीरसमोर बोलतंस का?" मी म्हटलं.

मला वाटलं, आता हे भावाची बाजू घेऊन बोलतील. पण हे पडलेल्या भिंतीजवळ गेले, तिथल्या चिखलाकडे बघत उभे राहिले, आणि सोमवारी सकाळची अमळनेरची गाडी सोडून म्युनिसिपालिटीत गेले. आयुष्यात ह्यांनी कुठल्या कचेरीत आवाज चढवला असेल तर तो त्या दिवशी. लढाईमुळे बिडाचा नळ कुठे मिळत नव्हता. फुटलेला भाग बदलता येईना. तेव्हा तो काढून टाकला, नळ आमच्याच बाजूला आखूड केला आणि त्याच्या तोंडाला तोटी बसवली. सही नानांनी निमूट केली. न करून सांगतात कुणाला, त्यांच्याकडे आता थेंब येत नव्हता.

लग्नाचं घर, पाहुणेरावळे, आणि पाणी माझ्या अंगणात. पहिल्या दिवशी जाऊबाई हंडा घेऊन पडक्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी नाही म्हणणार अशी गल्लीतल्या बायकांची खात्री होती. पण नाही म्हटलं असतं तर ते एकदाच म्हणून झालं असतं. मी म्हटलं, या की, रोज या. त्या रोज आल्या. मी तोटी सोडून बाजूला बसत असे आणि हंडा भरेपर्यंत एक शब्द बोलत नसे. मला घाई नव्हती.

लग्न झालं, सून आली. काही दिवसांनी हंडा घेऊन सून येऊ लागली, कारण जाऊबाईंच्या गुडघ्यांना अचानक दुखणं झालं. पोरगी हसरी होती, मला काकू म्हणायची, आणि तिला भिंतीचं काही ठाऊक नव्हतं. वर्षभरात तिचं पोट दिसायला लागलं. तरी येतच होती. एका सकाळी ती भरलेला हंडा उचलायला वाकली आणि तिने एक हात कमरेवर दाबला. मी उठले.

तिच्या हातून हंडा घेतला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि वाटणीनंतर पहिल्यांदा त्यांच्या अंगणात गेले. ओट्यावर नाना तंबाखू मळत बसले होते. जाऊबाई दारात. मी पदर ओढला, हंडा नानांच्या पुढ्यात ठेवला, आणि त्यांच्यादेखत, खांबाला नाही, भिंतीला नाही, जाऊबाईंकडे तोंड करून स्पष्ट बोलले. "अक्का, हाई पोरले आते हंडा उचलू दिऊ नका. पानीना पायी मन्ही पोर गयी. कोना पायी गयी, ते ह्या घरमा बठ्ठासले ठाऊक शे."

सून एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघत होती. नानांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटलं तेव्हा हंडा घेऊन नाना स्वतः आले. गल्लीत प्रतिष्ठित म्हणवणारा पुरुष तेव्हा कधी पाणी वाहत नसे. लोक ओट्यांवर येऊन बघायला लागले. ते मान खाली घालून येत, भरलेला हंडा खांद्यावर घेऊन चिखलातून परत जात, आणि पुन्हा येत. सुनेचं बाळंतपण झालं, नातू झाला, तरी ते येतच राहिले, कंबर वाकेपर्यंत. मी पदर पुढे ओढून त्यांना तोटी सोडून देत असे. हंडा उचलून द्यायला मात्र मी एकदाही हात लावला नाही.