न झालेल्या भांडणाचा तपास

तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, वाडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत मी एकदा अत्यंत गंभीर प्रकरण उघडकीस आणले होते: दोन बायका भांडत नव्हत्या. खून, दरोडे पुष्कळ हाताळले, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही तो हाच तपास.

सुरुवात निनावी फोनने झाली. "साहेब, ते फौजीची बायको सासूले मारून टाकन एखाद्या दिवशी." पाठोपाठ सासूचा थोरला मुलगा तक्रार घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ फौजेत होता, अपघातात गेला. भरतीच्या वेळी लग्न झालेले नव्हते, म्हणून फौजेच्या विम्यात नॉमिनी आई. लग्नानंतर नाव बदलायचे राहून गेले. आता बायकोने हरकत घेतल्यामुळे रक्कम अडकली होती. ती लहान लेकीला घेऊन बेसा येथे माहेरी राहायची, आणि सवड मिळाली की वाडीला येऊन सासूशी कडाकडा भांडून जायची.

दोघींना ठाण्यात बोलावले. थोरल्याला बाहेर बाकावर बसवले. महिला हवालदार शेजारी. भांडण सुरू झाले.

"माह्या पोराच्या जिवाचे पैसे हायेत. तुले एक रुपया भेटणार नाही."

"मले काहून नाही? मी काय भाड्यानं आली होती तुमच्या घरी?"

मी मजेत ऐकत राहिलो. मग काहीतरी खटकले. ठाण्यात भांडणारी माणसे समोरच्याचे वाक्य कधी पुरे होऊ देत नाहीत. या दोघी मात्र आपापल्या पाळीची वाट पाहत होत्या. मी मुद्दाम सुनेला मध्येच तोडून पत्ता विचारला. तिने तो सांगितला आणि पुढचे वाक्यच विसरली. तेव्हा सासू हळूच म्हणाली, "पोरीच्या शाळेचं सांग ना वं आता."

हवालदारबाईंनी फाइल तोंडापुढे धरली.

मग म्हातारीचा खरा जबाब आला. थोरल्याला त्या पैशांत ट्रक घ्यायचा होता. "ज्याच्या घरी जेवते त्याले काय म्हणू, साहेब?" म्हणून म्हातारीनेच सुनेला हरकत घ्यायला लावले. वाद चालू असेपर्यंत पैसे कोणालाच नाहीत, म्हणजे ट्रकलाही नाहीत. आवाज आळीभर जायला हवा, ही अटही तिचीच. निनावी फोन शेजाऱ्याचा होता. प्रयोग फारच रंगला होता.

पैसे कोणाचे, हे ठरवणे दिवाणी न्यायालयाचे काम. मी एवढेच सांगितले, की नॉमिनीच्या हाती रक्कम आली म्हणून बायकोचा हक्क आपोआप संपतोच असे नाही. दोघींचे एकमत असेल तर वकिलाकडून तसे लिहून घ्या. दोघींनी माना डोलावल्या. अडचण कायद्याची नव्हतीच. ती बाहेर बाकावर बसली होती.

तेव्हापासून दोघांचे भांडण पुढ्यात आले, की मी आधी तिसरा माणूस शोधतो, ज्याच्याशी भांडायची कोणाची हिंमत होत नाही. त्या दिवशी मी थोरल्याला आत बोलावले.

"काय झालं आई? कबूल केलं काय तिनं?"

म्हातारी पदर सारखा करत उठली. सून तिच्याजवळ सरकली. म्हातारी मुलाकडे पाहून बोलून गेली, "तुले नाही म्हणता येत नव्हतं गा मले, म्हणून इच्यासंग भांडून राहिली होती मी."