आतल्या कडेने झिजलेले टायर

माझे मेहुणे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एक हकीकत सांगतात. कापसाला वेचणीची मजुरी निघेल एवढाही भाव मिळत नव्हता, त्या वर्षांत माझा मुलगा घरची जीपगाडी अकोटच्या स्टँडवर लावून सीटा, म्हणजे भाड्याचे प्रवासी, भरत असे आणि हे त्याने माझ्यासमोर कबूल केले होते, अशी ती हकीकत. कबूल केले होते, हे खरे. बाकी सर्व खोटे आहे. सीटा भरण्यात कमीपणा होता, असे मी म्हणत नाही. आमच्यापेक्षा मोठ्या जमिनीच्या घरांनी तेव्हा गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या. परंतु जे घडले नाही ते माझ्या मुलाच्या नावावर कोणी मांडू नये.

जीप उंच होती. माझे गुडघे त्या सुमारास कुरकुरू लागले होते आणि चालवायला बसताना दाराची चौकट धरून दोनदा झोका घ्यावा लागे. घरच्यांनी गाडीजवळ लाकडी स्टूल आणून ठेवले. मी ते चार लोकांदेखत लाथेने उडवले. नंतर अचलपूरच्या एका हकिमाचे तेल आणून रोज चोळू लागलो. पोळा झाल्यावर एका सकाळी, कशालाही न धरता, मी सरळ जागेवर जाऊन बसलो. गाडी आदल्याच दिवशी मुलाने अकोल्याहून सर्व्हिसिंग करून आणली होती, पण तिकडे कोण लक्ष देतो? तेलाचा गुण मी गावभर सांगितला.

"लावा, लावा. अजून लावा," पत्नी म्हणाली. तिचा स्वर मला तेव्हाही खटकला होता.

दिवाळीनंतर पुढच्या टायरांवरून सहज हात फिरवला. बाहेरच्या बाजूची नक्षी जशीच्या तशी. आतली कड मात्र गुळगुळीत, एका ठिकाणी तार दिसू लागलेली. उभ्याने पाहणाऱ्याला दिसणार नाही नेमक्या त्याच जागी झीज व्हावी, हे मला सरळ वाटले नाही. प्रथम टायरवाल्याचा संशय आला, मग मुलाचा. हल्ली तो संध्याकाळी गाडी घेऊन जाई. मी त्याला ओसरीसमोर उभे केले. मेहुणे ओसरीवर चहा पीत होते.

"गाडीत काय भरून नेऊन राहिला तू?"

"काई नाई, बाबा."

"मंग टायर उंदरानं खाल्ले काय? सीटा मारून राहिला ना अकोटले?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे.

"हो," तो म्हणाला. "मारतो कधीमधी."

"घ्या, भाऊजी!" मेहुण्यांनी बशी खाली ठेवली. "आता काळापिवळा रंग तेवढा मारून टाका गाडीले."

मला ती कबुली पटली नाही. चिंचेवरून पडून हात मोडला तरी 'मी चढलोच नाही' म्हणणारा हा मुलगा एका प्रश्नात कबूल होतो, याचा अर्थ तो याहून मोठे काही लपवीत होता. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी एकटाच गाडी घेऊन अकोल्याला गेलो. तेथे चाकांचे अलाइनमेंट यंत्रावर करून देणारे एक दुकान होते. मालकाने चहा मागवला. मी घेतला नाही आणि गाडीजवळून हललोही नाही. ही माणसे धडधाकट गाडीतही बिघाड काढतात.

"चाचा, तुमी खड्ड्यांत लई आपटता," तो म्हणाला. मी त्याला माझी पंचवीस वर्षांची ड्रायव्हिंग ऐकवली. मग तो गाडीखाली वाकला आणि हसला. "गाडी मुद्दाम खाली बसवेल आहे, चाचा. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा कापेल आहेत. चाकं वरून आत झुकली, म्हणून आतली कड घासून राहिली."

मी वाकून पाहिले. कापलेल्या टोकांवर गंज चढला होता. म्हणजे हे काम या दुकानदाराने आत्ता केलेले नव्हते.

"वजनानं बसली असन. सीटा भरते पोरगा."

"सीटा भरणारा मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवते, चाचा. इथं त एकेक काढेल आहे. सात-आठ जण बसले त बूड रस्त्याले लागन. कोण्या पोराचा शौक असन हा."

माझ्या मुलाला असला शौक नव्हता. मी दार उघडले, जागेवर चढून बसलो, उतरलो, पुन्हा चढलो. तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. पोळ्यानंतरची ती सकाळ मला आठवली, आदल्या दिवशीचे सर्व्हिसिंगही आठवले.

"उचलून देऊ का वापस?" त्याने विचारले. "नाई त पत्र्या घालून चाकं जमतीन तेवढी सरळ करतो. टायर मात्र लवकर जातीन."

"जातीन त जाऊ दे," मी म्हणालो. "उंचीले हात लावू नको."

घरी पोहोचलो तेव्हा मुलगा फाटकाशीच उभा होता. मी काही न धरता उतरलो. त्याची नजर प्रथम चाकांकडे गेली.

"अकोल्याले गेलते, बाबा? काय म्हणे तो?"

"वजन जास्त होते म्हणे," मी सांगितले. "सीटा कमी बसवत जाय."

"बरं," तो म्हणाला आणि चावी घेऊन आत गेला. मेहुणे ओसरीवरच होते. त्यांनी ऐकले ते एवढेच, आणि आजवर ते तेवढेच सांगत आले आहेत.