पुठ्ठ्याचा एल्क

बाण हातात आला की चाचा तो आधी काउंटरच्या काचेवर ठेवायचे आणि पोळी लाटावी तसा तळहाताने पुढेमागे लाटायचे. कान काचेजवळ. सरळ बाण गुपचूप फिरायचा, वाकडा टकटक करायचा. "ऐकलंस? वाकडा बाण गप्प बसत नाही," असं म्हणून ते तो बाजूला टाकायचे, मग पाकीट नुकतंच फोडलेलं का असेना.

आखातातल्या अल कुसैसमधल्या त्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी हिशेब सांभाळायचो आणि चाचा क्रॉसबोचं, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून सोडायच्या धनुष्यांचं, काउंटर. आमचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी अरब. इथे ससाणे उडवायचे आणि मोठ्या शिकारीला कॅनडात जायचे, एल्क मारायला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. चाचांनी तो जन्मात पाहिला नव्हता. ते दापोलीकडचे, त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं रानटी जनावर म्हणजे आंब्याच्या बागेत शिरलेलं डुक्कर. पण एल्कसाठी बाण निवडायचा तर चाचांनीच.

बाणाच्या पात्याची धार ते डाव्या हातावरचे केस उतरवून बघायचे. त्यामुळे तो हात कोपरापर्यंत कायम गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा. आत शिरताना पंख उघडणारी घडीची पाती तेव्हा नवीन आली होती. दिसायला झकास, गिऱ्हाईक हटकून तीच मागायचं. चाचा मान हलवायचे. "हबीबी, ये हिरन के लिए ठीक है. एल्क का पसली मोटा. खुलने में ताकत गया तो अंदर क्या जाएगा?" मग जड बाण, पुढे अखंड पातं, आणि वर ताकीद: "बिस्मिल्ला बोल के छोडना. एक में खलास." माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "जनावर तडफडलं तर अर्धं पाप माझं रे."

वजन पुढे हवं, हे त्यांचं दुसरं पालुपद. "जड टोक पुढे गेलं की मागचं आपोआप सरळ येतं." घराच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशेब होता. ते पुढे आले होते, बायको मागून येणार होती. ती येणार म्हणून त्यांनी चारचौघांतली जागा सोडून वेगळी खोली घेतली होती. आम्ही एकमेकांच्या घोरण्याला शिव्या देत झोपायचो, चाचांच्या खोलीत एकट्या एसीचा आवाज. तिचं येणं मात्र पुढे पुढे जात राहिलं. आधी मुलीची दहावी, मग तिच्या सासूचं अंथरूण. "इन्शाल्ला, पुढच्या सुट्टीत," चाचा म्हणायचे. शुक्रवारी फोनबूथमधून बाहेर आले की रस्त्याच्या कडेला बसून उरलेली नाणी पुन्हा पुन्हा मोजायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना चहा पाजावा, प्रश्न विचारू नयेत.

नेम कुठे धरायचा हे गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांनी एकदा पुठ्ठ्याचा एल्क केला. चित्र कॅटलॉगातलं, माप मात्र गावच्या बैलाचं. कोकणातला बैल तो केवढा! एक म्हातारा अरब हसून हसून खुर्चीत बसला. "हबीबी, ये तो बच्चा है!" म्हणत त्याने हात डोक्यावर नेऊन खरी उंची दाखवली. चाचा खट्टू झाले. मग फ्रिजचे खोके जोडून त्यांनी दुसरा केला. या खेपेला मापासाठी उंट डोळ्यांसमोर धरला होता, त्यामुळे उंची जमली, पण मान आणि ओठही थोडे उंटाचे आले. छातीवर, पुढच्या पायाच्या जरा मागे, खडूने गोल काढला.

"हमरियाच्या गोदामात लावा, त्याच्यावर ट्रायल घेऊ," मालक म्हणाले. चाचांनी मान डोलावली आणि संध्याकाळी एल्क सुटा करून पिकअपमधून आपल्या खोलीवर नेला.

मी बघायला गेलो तर एल्क पलंगाशेजारी उभा, शिंगं छताला टेकलेली.

"हे काय चाचा?"

"असू दे. खोलीत कोणीतरी पाहिजे ना." मग जरा हसून म्हणाले, "घोरत नाही, एवढीच तक्रार आहे."

मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

एका वर्षी खरंच व्हिसा निघाला. चाचांनी नवी चादर घेतली, दुसरी उशी घेतली. एल्कचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "दार उघडल्या उघडल्या घाबरेल ना ती." येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "मॅडम आ रहा है." आम्हीही त्यांना नवरदेव म्हणून छळत होतो.

ती यायच्या आठवड्यात दुकानात गावाहून फोन आला. मीच उचलला आणि त्यांच्या हातात दिला. चाचांनी ऐकलं. "बरं" एवढंच म्हणाले. फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, काचेवर बाण होता. त्यांनी तो लाटला, कान लावून ऐकला, "सीधा है," म्हणाले आणि बांधून दिला. गिऱ्हाईक दाराबाहेर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेली रे. झोपेतच."

मातीला पोचणार नाही हे माहीत असून ते त्याच दिवशी निघाले. परत आले नाहीत. महिन्याभराने मी फोन केला, काउंटर रिकामं आहे म्हटलं.  तिकडून म्हणाले, "आता मागून कोण येणार आहे? मी पुढे राहून काय करू?" मला फार वाईट वाटलं. मी खोलीच्या किल्लीचं विचारलं.

खोली रिकामी करायला मीच गेलो. पलंगावर नवी चादर प्लॅस्टिकसकट पडली होती. एल्क भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला फिरवला. खडूचा गोल जसाच्या तसा होता, छातीला एकही भोक नव्हतं. अखंड तो दारातून निघेना, तेव्हा सांधे कापायला वॉचमन सुरी घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे. नवा माणूस येईल, त्याला सोबत होईल.

मग एल्कचं तोंड दाराकडे केलं आणि बाहेरून कुलूप लावलं.