विश्व कशात पसरतं

झाशीच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, तेही हिंदीत. मराठी बोलायला घरात उरला होता फक्त माझा थोरला भाऊ. मी त्याला भैया म्हणायची. रेल्वेतून निवृत्त झालेला, विधुर. मी लग्न केलं नव्हतं. दुपारची जेवणं झाली की तो वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि काहीबाही विचारत राहायचा.

एकदा म्हणाला, "विश्व पसरतंय म्हणे. पण कशात? बाहेर जागा नको का?"

मी वर्गातलं उत्तर दिलं, की बाहेर असं काही नसतं, अवकाशच ताणलं जातं. त्याला ते टाळल्यासारखं वाटलं. दोन दिवस तो नुसतं वर्तमानपत्र चाळत बसला. शेवटी मी शिवणाच्या डब्यातून इलॅस्टिकची पट्टी काढली, तिच्यावर चार बटणं टाचली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी ओढलं. बटणं पट्टीवर सरकली नव्हती, मधली पट्टीच वाढली होती. जे बटण आधीच लांब होतं, ते जास्त दूर गेलं होतं. पट्टीला टोकं असतात, विश्वाची कुणाला सापडलेली नाहीत, हेही मी सांगितलं.

त्याने पट्टी पुन्हा एकदा ओढून बघितली. "म्हणजे कुणी कुणाला सोडून जात नाही. तरी लांब होतात."

"हो. काही दीर्घिका इतक्या लांब आहेत, की आज तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही."

"हे तू पोरांना शिकवायचीस?" एवढंच बोलून तो उठला.

त्याच थंडीत तो न्हाणीघरात पडला, आणि त्याचा मुलगा त्याला हैदराबादला घेऊन गेला. थांब म्हणायला हवं होतं. मी औषधांच्या पुड्यांवर वेळा लिहून दिल्या. पहिले काही महिने फोनवर मराठी चालायची. मग त्याला ऐकू येईना. मधे नात बोलायची, "दादाजी कह रहे हैं, सब ठीक है." मागच्या वर्षी तो गेला.

हैदराबादला त्याचे दिवस करून मी झाशीला परतले. शेजारणी येऊन बसायच्या, मी हिंदीत उत्तरं द्यायची. पाचव्या दिवशी दूध उतू गेलं आणि तोंडून निघालं, "अगं बाई." आठवड्यात मी बोललेली मराठी तेवढीच. गॅस बंद केला आणि ओटा पुसला.