मिसो सूपचा दुसरा वाडगा

आखातात, आमच्या करामा भागातल्या सुपरमार्केटात सुक्या माशाच्या किसाचं एक पाकीट फुटलं होतं, आणि त्या धुरकट वासाने जुमेरा लेक टॉवर्समधलं जपानी हॉटेल आठवलं. मी जन्माची शाकाहारी, म्हणून तिथे सोबत आलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं होतं, ‘‘हे सूप नक्की व्हेज ना?’’ ‘‘अगं, टोफू आणि समुद्री शेवाळ, बस!’’ ते गरम, खारट मिसो सूप इतकं आवडलं की मी दुसरा वाडगा मागवला. वेटर खूश होऊन म्हणाला, ‘‘मॅडम, मछली का स्टॉक हम रोज ताजा बनाते हैं.’’ म्हणजे सूपचं पाणीच माशाचं; मी वाडगा बाजूला सरकवला. मैत्रीण हसून म्हणाली, ‘‘मला माहीत होतं गं. पण आवडलं ना?’’ तिच्या मांसाहारी घरी माझ्यासाठी वेगळी कढई असायची; पाच वर्षं मी तिथे निर्धास्त जेवले. आज वाटतं, ती कढई तरी खरंच वेगळी होती का?