एका दाव्यात दोघं

इंदापूर रस्त्यालगतच्या त्या गावात तिसऱ्यांदा विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं. ग्रामपंचायतीला आलेल्या निधीतून गावभर कॅमेरे बसवायचे, हे जवळपास ठरलंच होतं. चोर कोण, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. संदेश. तांब्याची तार विकून दारू प्यायचा. दोनदा पोलिसांनी नेला, दोनदा सुटून आला आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त प्यायला लागला.

म्हाळसाबाई उठल्या. गावच्या आशा सेविका. बारा वर्षं दारोदार गोळ्या वाटल्या, बाळंतिणी बारामतीला पोचवल्या. सभेत मात्र कधी तोंड उघडलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ह्यो निधी दारू सोडवायला लावा. आठवड्याला एक डॉक्टर आन् बसायला कोंडवाडा."

कोंडवाडा म्हणजे चुकार जनावरं डांबायची जुनी खोली. कित्येक वर्षं रिकामीच होती.

"चोराला च्या बी पाजायचा का, म्हाळसाक्का?" दादासो ओरडला. परवाची केबल त्याचीच गेली होती.

"व्हय. आन् तो तुमीच करायचा." हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "सहा वर्सांमागं तुमी दारू सोडली, तवा कुठला कॅमेरा लावला हुता? मीच रोज सांजच्याला तुमच्या वट्ट्यावर येऊन बसायची."

दादासो खाली बसला.

बाईंचं लहानपण वडिलांच्या कळपामागं गेलं होतं. "पिकात घुसणाऱ्या शेळीला आमचा बा मारायचा न्हाय," त्या सांगू लागल्या. "शहाण्या शेळीसंगं एका दाव्यात बांधायचा. दोघी संगं चरायच्या. महिन्याभरात खोडी सुटायची."

बऱ्याच कुजबुजीनंतर हात वर झाले. अट एकच: सहा महिन्यांत पुन्हा चोरी झाली, तर कॅमेरे.

पहिल्या मंगळवारी चुना मारलेल्या कोंडवाड्यात डॉक्टर आले, सतरंजी पडली, चारजण बसले. संदेश नव्हता. दादासोही नव्हता. बाई दारातच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, तेव्हाही बाईंनी वाटेवरची नजर काढली नाही.

मग समोरच्या कालव्याच्या भरावावरून दोघं येताना दिसले. दादासोच्या एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात संदेशचं मनगट.

"कुठं बसू?" संदेशनं खालमानेनं विचारलं.

"माझ्या शेजारी," दादासो म्हणाला. "आधी चूल दाव, अक्का. च्या मला करायचाय."